थकण्याआधीची वीस मिनिटं

बँडवाल्यांच्या अकरा मखमली कोटांचे पुढचे बावीस भाग मी कापले, आणि बावीसच्या बावीस डावे निघाले.

शिवणकाम न कळणाऱ्यांसाठी सांगते. मखमलीला लव असते, त्यामुळे ती दुमडून कापत नाहीत, एकेरी पसरतात. कागदी पॅटर्न ठेवून डावा भाग कापायचा, मग पॅटर्न उलटा करून उजवा. शिकाऊ पोरींना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. मी एकोणीस वर्षं कापड कापतेय. दुपारी चारला डोक्यात नुसता कापूस भरलेला असताना मी पॅटर्न उलटा करायला विसरले. एकदा नाही, अकरा वेळा.

दुकान दादाचं, मी त्याची धाकटी बहीण, आणि तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने ते भाग एकावर एक रचले, बाजूला ठेवले आणि म्हणाला, "उद्यापासून काजं-बटणं बघ. बसून करायचं काम आहे."

"आणि नवीन मखमल आल्यावर?"

"सहा आठवडे आहेत तिला. बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे मला वयाच्या चौथ्या वर्षापासून ठाऊक आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, नसा म्हणजे वायरी समजा, वरचं आवरण जागोजागी खराब झालंय. औषधं चालू आहेत, आजार बराचसा आटोक्यात आहे. पण थकवा काही केल्या जात नाही. लोकांना वाटतं थकवा म्हणजे आपण दमतो तसं. "मी पण थकते गं," असं मला वहिनी, शेजारीण आणि दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांनी सांगून झालंय. हा थकवा कामाने येत नाही आणि बसल्याने जात नाही. हात आपलेच असतात, पण ऐकत नाहीत. त्यात झोपेचा आनंदीआनंद. संध्याकाळी सहाला घरी आले की पलंगावर आडवी, आठपर्यंत मेल्यासारखी झोप, आणि मग रात्रभर डोळे टक्क उघडे.

काजं-बटणांच्या तिसऱ्या दिवशी मी घरी येऊन रडले. कटिंगचं टेबल गेलं तर मी कोण, हा प्रश्न होता. मला स्वयंपाक बरा येत नाही, बोलणं गोड नाही. मला कापता येतं, एवढंच.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मी मनात त्यांचं नाव व्यायामवाल्या बाई ठेवलं. म्हटलं, इथे उभं राहवत नाही आणि ह्या मला उड्या मारायला सांगणार.

बाईंनी उड्यांचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "दोन आठवडे दर तासाला आकडा लिहा. शून्य म्हणजे ताजंतवानं, दहा म्हणजे संपलं. शेजारी काय करत होतात तेही लिहा."

"बरं वाटलं की सांगते की तुम्हाला."

"तुम्ही सांगू नका, कागदाला सांगू दे," बाई म्हणाल्या. शिवणकाम करणाऱ्या माणसाला कागदाशी वाद घालता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

पॅटर्नचाच खाकी कागद घेतला आणि लिहीत गेले. दोन आठवड्यांनी बाईंनी तो टेबलावर पसरला आणि आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. मी समजत होते की माझी बॅटरी चारला संपते. कागद म्हणत होता, साडेदहालाच आकडा चारवरून सातवर उडी मारतो. रोज.

"साडेदहाला काय होतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. इस्त्रीवाले काका वाफेची इस्त्री सुरू करतात."

"तुमच्यापासून किती लांब?"

मी हाताने दाखवलं. काजं-बटणंही मी कटिंगच्या टेबलाशीच बसून करत होते, आणि ते टेबल इस्त्रीला चिकटून. कापड आधी इस्त्री करायचं, मग सरकवून कापायचं, म्हणून मीच हट्टाने ते तिथे लावून घेतलं होतं. या आजारात अंग तापलं की थकवा वाढतो, हे बाईंनी सांगितल्यावर मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कागदाने आणखी एक चहाडी केली. ज्या दिवशी मला बरं वाटे, त्या दिवशी मी सगळं उरकून घेई: कपाटं, पडदे, सासूबाईंचे ब्लाउज. पुढचे दोन दिवस नऊ आणि नऊ. अति तिथं माती म्हणतात ते लोकांना सांगायला मला छान येत होतं.

"थकल्यावर विश्रांती घेता, तेव्हा उशीर झालेला असतो," बाई म्हणाल्या. "थकण्याआधी घ्यायची. गजर लावून. वीस मिनिटं, डोळे मिटून."

"बरं वाटत असताना झोपायचं? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही लोकांचे कोट कापता की लोकांची मतं?"

त्या दिवसापासून बाई मला आवडायला लागल्या.

रात्रीचं प्रकरण त्यांनी जास्त कडक ठेवलं. संध्याकाळची झोप बंद. चारनंतर चहा बंद. पलंग फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. आणि सकाळी काहीही झालं तरी साडेसहाला उठायचं. पहिले दहा दिवस भयंकर गेले. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. सातच्या सुमाराला मी जेवणाच्या ताटावर पेंगायची आणि नवरा माझ्याशी मुद्दाम भांडण उकरून काढून मला जागं ठेवायचा. त्याबाबतीत त्याला फारसे कष्ट पडले नाहीत. अकराव्या की बाराव्या रात्री मी झोपले ती थेट गजराला उठले. उठल्यावर आधी भीती वाटली, मग इतका आनंद झाला की नवऱ्याला हलवून उठवलं. दहा दिवस माझ्यापायी जागून तो बिचारा त्या रात्री कुठे शांत झोपला होता.

सकाळी दहा मिनिटं चालणं सुरू केलं, थंड वेळेला. पंधरा दिवसांनी पंधरा मिनिटं. गळ्याभोवती ओला रुमाल. दुकानात कटिंगचं टेबल खिडकीखाली हलवायला दादा तयार झाला, पण ते माझ्यासाठी नाही, उजेडासाठी, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. इस्त्रीवाले काका आता कापड घेऊन आठ पावलं चालतात आणि आठही पावलं कुरकुरतात. मी उंच स्टुलावर बसून साधे सदरे कापायला लागले. थकवा पूर्ण गेला नाही, जाणारही नाही म्हणे. पण सातचे चार झाले, आणि चारमध्ये माणसाला काम करता येतं.

मखमल आली तेव्हा मी दादासमोर उभी राहिले. "मी कापणार."

त्याने माझ्याकडे बघितलं, मखमलीकडे बघितलं. "पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरला साडेदहाला बोलावलंय. तू सुरू कर. जमलं तर जमलं." मग हळूच म्हणाला, "या वेळी कापड वाया गेलं तर बँडवाले परत येणार नाहीत. तुलाही मी परत विचारू शकणार नाही."

आठ वाजता सुरू केलं. डावा, पॅटर्न उलटा, उजवा. कात्री अशी चालली की मला माझाच हेवा वाटला. सव्वादहापर्यंत सात कोट झाले. आकडा तीन. चार कोट राहिले होते, आणि गजर वाजला.

मशीनवरच्या बायका बघायला लागल्या. दादाने मान वर केली. आणखी तासभर मी सहज रेटलं असतं. आत्ता उठले तर सगळे म्हणणार, बघा, दमली. आणि पंधरा मिनिटांत दुसरा मास्तर दारात. मला इतका राग आला, गजराचा, बाईंचा, माझ्या नसांचा. पण मागच्या वेळीही पॅटर्न विसरण्याआधी मला असंच, अगदी सहज रेटता येईल असं वाटत होतं.

मी कात्री खाली ठेवली. "वीस मिनिटं," म्हटलं, आणि मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडले.

डोळे मिटले, पण कान उघडे. दार वाजलं. पुरुषाचा अनोळखी आवाज. दादाचा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं, संपलं. त्याच्या हातात माझी कात्री गेली. तरी मी उठले नाही. वीस म्हणजे वीस.

बाहेर आले तर मखमल होती तशीच, खडूची रेघ अर्धवट. टेबलाशी स्टूल ओढून दादा राखण करत बसला होता.

"तो आला नाही?"

"आला होता. परत पाठवला."

"का?"

"काय सांगणार? म्हटलं, आमच्या मास्तर झोपल्यात. उठल्या की कापतील."

माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. दादाने झटकन मखमल आपल्याकडे ओढली.

"रडायचं तर तिकडे रड," तो म्हणाला. "मखमलीवर डाग पडतो."

मी खिडकीशी गेले, पोटभर रडले, तोंड धुतलं आणि आठव्या कोटाला कात्री लावली.