उजव्या फळीचा सेनापती

सासऱ्यांचा आवाज हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी होती. एकतीस वर्षं बंदराच्या नियंत्रण कक्षात बसून त्यांनी वायरलेसवरून जहाजं आत घेतली, बाहेर काढली, धुक्यात थोपवून धरली. त्यांनी "थांबा" म्हटलं की दोनशे मीटरचं धूडसुद्धा बंदराच्या तोंडाशी मुकाट उभं राहायचं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून चष्मा हवा असला की त्यांच्या तोंडून "छत्री" बाहेर पडायला लागलं.

हातपाय बरेचसे सुधारले, शब्द मात्र रुसले ते रुसलेच. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा चित्रांची कार्डं घेऊन यायच्या. सासरे कार्डांकडे बघायचेसुद्धा नाहीत. "मांजर! मी काय... बाल... बालवाडीत आहे?" म्हणून त्यांनी एकदा सगळी कार्डं टेबलावरून सारली. शेवटी बाई लेकीला म्हणाल्या, "यांना शिकवणी नको, बोलायला काहीतरी कारण द्या. हुकूम सोडायची सवय आहे ना यांना? मग हुकूमच सोडू देत."

जावयाला ते ऐकून लगेच सुचलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण कॉलेजात असताना तो संगणकावरच्या लढायांचा शौकीन होता. एका खेळात दोन माणसं मिळून एकच सैन्य चालवू शकत. डावी फळी एकाकडे, उजवी दुसऱ्याकडे आणि समोर शत्रू म्हणून संगणक. रविवारी दुपारी तो दोन लॅपटॉप घेऊन सासऱ्यांकडे गेला आणि जेवणाच्या टेबलावर समोरासमोर मांडून बसला. सरसेनापती अर्थातच सासरे. डावी फळी सांभाळत त्यांनी तोंडाने हुकूम द्यायचे, जावयाने उजवी फळी हलवायची.

बायको त्या दिवशी दारात उभी राहून बघत होती. परतताना तिने रस्त्यात त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तू होतास म्हणून झालं हे." नाही म्हटलं तरी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण दोन रविवारांत त्याचा उत्साह ओसरला. एक वाक्य पुरं करायला सासऱ्यांना चार-चार मिनिटं लागत. शब्द सापडेपर्यंत ते बोटांनी टेबलावर टकटक करत, चुकीचा शब्द आला की मान झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मधेच आपण शब्द पुरवायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. आठवडाभर लोकांचे डोळे तपासून थकलेल्या जावयाला त्या टकटकीने डुलकी यायची.

तिसऱ्या रविवारी खेळाच्या कोपऱ्यातलं एक बटण त्याच्या नजरेस पडलं. 'सैन्य संगणकाकडे सोपवा.' आधी त्याने फक्त रसदीच्या गाड्या सोपवल्या. मग घोडदळ सोपवलं. महिन्याभरात सगळी उजवी फळी संगणकच चालवायला लागला आणि जावई मांडीवर फोन ठेवून जुन्या मोटारसायकलींच्या जाहिराती चाळायला लागला. सासऱ्यांचं वाक्य संपलं की वर बघून "हो बाबा" म्हणायचं, एवढंच काम उरलं. त्यांच्या बाजूने त्याचा पडदा दिसत नव्हता.

गंमत म्हणजे ते जिंकायला लागले. पुलाची लढाई जिंकली, जंगलातली जिंकली, लागोपाठ चार जिंकल्या. सासऱ्यांची तर कळीच खुलली. भाजीवाल्याशी ते आपणहून बोलायला लागले. बंदरातल्या जुन्या मित्रांना बोलावून त्यांनी पुलाच्या लढाईची हकिगत अडखळत, पण शेवटपर्यंत सांगितली. "जावईबापूंना... अर्धा शब्द बोललो... की कळतं," असं ते वर म्हणाले. जावई शेजारीच बसला होता. त्याने नम्रपणे हसून चहाचा कप तोंडाला लावला.

पाचवी लढाई टेकडीची होती. सासऱ्यांनी ती आठवडाभर कागदावर आखली होती. दहा मिनिटं खर्चून त्यांनी हुकूम दिला, आणि इतकं लांब वाक्य ते झटक्यानंतर कधीच बोलले नव्हते. "टेकडी सोडायची नाही. मी नदी ओलांडून येईपर्यंत... शत्रूने कितीही आमिष दाखवलं... तरी खाली उतरायचं नाही."

"हो बाबा," जावई म्हणाला. फोनवर एका लाल मोटारसायकलचे फोटो उघडत होते.

संगणकाला पायथ्याशी शत्रूची एक दुबळी तुकडी दिसली आणि त्याने सगळी उजवी फळी खाली उतरवली. रिकाम्या टेकडीवर शत्रूने तोफा चढवल्या. सासऱ्यांची डावी फळी तेव्हा ऐन नदीत होती. पाच मिनिटांत तिचा एकही माणूस शिल्लक राहिला नाही.

सासरे पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"मी... काय म्हणालो होतो?"

खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. पण स्वयंपाकघरात बायको होती, मांडीवर फोन होता आणि त्याची जीभ त्याच्या आधी धावली.

"उतरा म्हणालात, बाबा."

"उतरू... नका, नाही?"

"उतरा, म्हणालात." दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचा त्याचा एक मऊ सूर होता, तोच त्याने लावला. "होतं असं कधी कधी. वाक्यातला 'नाही' राहून जातो."

सासऱ्यांनी हळूहळू मान हलवली आणि लॅपटॉप मिटला.

त्यानंतर ते बोलेनासे झाले. बाई आल्या तर झोपेचं सोंग घ्यायचे. लेकीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ते एका पाटीवर लिहून द्यायला लागले. 'जेवलो.' 'बरा आहे.' 'नको.' मित्रांचा फोन आला की खूण करायचे, घेऊ नकोस. "इतके छान सुधारत होते, मधेच काय झालं?" बाई विचारायच्या आणि बायको नवऱ्याकडे बघायची. "तुला काही सांगितलं का रे त्यांनी? तुझ्याशी मोकळेपणाने बोलायचे ते." जावई "नाही" म्हणायचा आणि ताटावरून उठायचा. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. रोज संध्याकाळी सांगायचं राहून जायचं.

अकराव्या दिवशी बायकोने वडिलांना दुकानात पाठवलं. कदाचित त्यांना नीट दिसत नसेल, म्हणून वाचायचं-बोलायचं टाळत असतील, अशी तिची समजूत होती. जावयाने त्यांना तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली, दिवा मालवला आणि भिंतीवरची अक्षरं उजळली.

"बाबा, वाचता येतील तेवढी अक्षरं म्हणा."

मग अंधारात पेन्सिलीची खरखर ऐकू आली. सासऱ्यांनी पाटी पुढे केली. सगळी अक्षरं त्यांनी लिहून दिली होती, अगदी शेवटच्या बारीक ओळीसकट. एकही चूक नव्हती. नजर लख्ख होती.

ज्या माणसाच्या आवाजावर जहाजं चालायची, तो माणूस साधं 'क' म्हणायला घाबरत होता. भिंगं बदलताना बसायला एक ठेंगणं स्टूल होतं, त्याच्यावर जावई मटकन बसला.

"बाबा, तुम्ही बरोबर बोलला होतात. 'उतरायचं नाही' असंच म्हणाला होतात. मी खोटं बोललो."

सासऱ्यांनी पाटी मागे घेतली.

त्याने सगळं सांगितलं. बटण, फोन, मोटारसायकल, काही ठेवलं नाही. सांगताना त्याने एकदाही वर बघितलं नाही. सांगून टाकलं की ओझं उतरेल, असं त्याला वाटलं होतं. ते तसं झालं नाही.

सासऱ्यांनी फ्रेम काढून मांडीवर ठेवली. "कधी... पासून?"

"तिसऱ्या रविवारपासून."

"पूल?"

"संगणक."

"जंगल?"

हे जावयाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो एक हार परत घ्यायला निघाला होता आणि त्यासाठी त्याला म्हाताऱ्याचे चारही विजय हिसकावून घ्यावे लागत होते.

"डावी फळी तुमचीच होती, बाबा."

"अर्धा... मी." सासरे कसंबसं हसले आणि ते हसू लगेच विरलं. लग्न झाल्यापासून ते त्याला अहो-जाहो करत आले होते. आता ते म्हणाले, "तू म्हणालास... 'नाही' राहून जातो. अकरा दिवस... प्रत्येक वाक्य मी आतल्या आत तपासलं. 'नाही' आहे का बघितलं. मग म्हटलं... बोलायलाच नको." ते उठले. दारापाशी थांबले. "लेकीला तू सांग. आजच. मी सांगणार नाही."

त्याने सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली. "परकं माणूस डोळा दुखतो म्हणालं, तर तू अर्धा तास ऐकून घेतोस," एवढंच ती म्हणाली आणि बॅग भरून वडिलांकडे गेली. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

रविवारी तो लाज बाजूला ठेवून सासऱ्यांच्या दारात उभा राहिला. दार त्यांनीच उघडलं आणि ते टेबलाकडे वळले. त्याने लॅपटॉप समोरासमोर मांडल्यावर त्यांनी त्याचा उचलून आपल्या शेजारी ठेवला. दोन्ही पडदे दोघांना दिसतील असे.

टेकडीचीच लढाई लावली. जावयाला घोडदळ कसं वळवतात तेही धड आठवेना. "डावीकडे! डा... वीकडे, गाढवा!" सासरे ओरडले. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. वीस मिनिटांत उजवी फळी नामशेष झाली.

"आज निदान... तू हरलास," सासरे म्हणाले.

बायको पुढच्या आठवड्यात घरी आली. सासरे पुन्हा बोलायला लागले, आधीपेक्षा हळू. त्याला मात्र ते 'तू'च म्हणतात. ते जवळिकीचं की शिक्षेचं, हे विचारायची त्याची छाती होत नाही.

दोन महिन्यांनी बंदरातले मित्र पुन्हा जमले. एकाने पुलाच्या लढाईचा विषय काढला. सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "त्या चार... मी जिंकलो नव्हतो. यंत्राने जिंकल्या." मित्रांना वाटलं, म्हातारा विनयाने थट्टा करतोय. सगळे खो-खो हसले. एकाने जावयाच्या पाठीवर थाप मारली, "काय बापू, खरं का?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हते. जावयाचे कान तापले. हातातली बशी त्याने खाली ठेवली.

"खरं आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळे." आणि हसू ओसरलेल्या त्या खोलीत त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.