दोन बोटं माया

तालीम, पहिली.

"या, बसा. चहा टाकू?"

नको. चहा विचारला तर वाटेल, बाई मस्का लावतेय. नाही विचारला तर वाटेल, माणूसघाणी आहे.

तालीम, चौथी.

"या. मुलं अगदी मजेत असतात हो."

नको, नको. कुणी विचारायच्या आत सांगायचं म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

ती शिलाई मशीनपुढे बसून भिंतीशी बोलत होती. बालकल्याण विभागाच्या बाई चार वाजता येणार होत्या. नवरा सहाला कामावरून येतो. म्हणजे मधे दोन तास. त्या दोन तासांत भिंत जेवढी ऐकून घेत होती, तेवढं बाईंनी ऐकून घेतलं म्हणजे मिळवली.

*

झालं होतं ते असं. मागच्या सोमवारी ती धाकट्याला टोचायला दवाखान्यात घेऊन गेली. धाकटा म्हणजे बटण, गोल आणि चकचकीत. थोरली टाचणी, सहा वर्षांची, काडीसारखी बारीक आणि बोलायला लागली की टोचणारी. नर्स म्हणाली, बाळाला घट्ट धरा. हिचा उजवा हात वर जाईना.

"काय झालं खांद्याला?"

"दारावर आपटले."

नर्सनं सुई ट्रेमध्ये ठेवली. "दार स्वतः चालत आलं होतं का?"

आणि हिला हसू फुटलं. चार वर्षांत या विषयावर कुणी विनोद केला नव्हता. हसता हसता ती बोलत गेली, बोलता बोलता रडली, आणि सगळं सांगून मोकळी झाली. सगळं म्हणजे, जवळजवळ सगळं.

"मुलांवर हात उचलतो?"

"नाही. मुलांच्या अंगाला बोट लावत नाही कधी."

"तरी मला हे वर कळवावं लागेल," नर्स म्हणाली. "घरात मुलं आहेत ना."

वर. त्या दिवसापासून तिला वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी धस्स व्हायचं.

*

"अगं वेडे, हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!" शेजारच्या काकू दुपारी कोट सैल करायला घेऊन आल्या, त्या हे म्हणतच. भिंत एकच असल्यामुळे काकूंना काही सांगावं लागत नसे. "त्या बायका गोड बोलतात, लिहून घेतात, आणि पोरं उचलून नेतात. माझ्या भाचीच्या शेजारणीची नेली. घरात सांडलेलं दूध दिसलं म्हणे."

"दुधासाठी?"

"आता आणखी काही असेल. मला दुधाचं सांगितलं. बरं, या कोटात माया आहे का बघ. असेल तर सोड. पोट माझं, बोल कोटाला!"

माया होती. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. ती बाहेरून दिसत नाही. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. आपल्या मुलांच्या प्रत्येक कपड्यात ती दोन बोटं माया ठेवायची. टाचणी याच मशीनखाली बसून बोलायला शिकली. बाही, मुंढा, कळी, माया हे शब्द तिला शाळेत जायच्या आधीच आले होते.

काकू गेल्यावर तिनं दूध सांडलंय का ते पाहिलं. ओटा तिसऱ्यांदा पुसला. मग टाचणीचा निळा फ्रॉक खुंटीवरून काढून कपाटात तळाला, चादरींच्या खाली सरकवला. का, ते तिनं भिंतीलाही सांगितलं नाही.

*

तालीम, शेवटची. पात्रं दोन.

"बाईंनी विचारलं तर काय सांगायचं?"

शाळेतून आलेली टाचणी बूट काढत म्हणाली, "खरं."

"शहाणी. आणि?"

"आणि फ्रॉकचं नाही सांगायचं."

एवढं चोख पाठ होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"पण आई, त्या बाई तर सकाळी शाळेत आल्या होत्या. चष्म्याला दोरीवाल्या."

"काय विचारलं त्यांनी?"

"खूप काय काय."

"आणि तू काय सांगितलंस?"

"फ्रॉकचं नाही सांगितलं!" टाचणी अभिमानानं म्हणाली.

दारावरची बेल वाजली.

*

बाई पन्नाशीच्या होत्या. चष्म्याला दोरी होतीच. कोटाच्या कडेची शिवण एका बाजूला उसवली होती. एरवी ती म्हणाली असती, द्या, दोन मिनिटांत घालून देते. आज तालमीतलं एक वाक्य आठवेना. ना चहा विचारला, ना बसा म्हणाली. बाई आपल्या आपण बसल्या.

त्यांनी बटणचं वजन विचारलं, झोपायची जागा पाहिली. टाचणी नेहमीप्रमाणे मशीनखाली जाऊन बसली. मग बाईंनी फाईल उघडली.

"मुलीशी सकाळी बोलले. एक गोष्ट मला खटकली. मी जसं ऐकलं तसं वाचते, हं. मी विचारलं, 'आईची तुझ्यावर माया आहे ना गं?' मुलगी म्हणाली, 'होती. आता संपली. उरलेली पण आईनं काढली. आई म्हणाली, आता जपून राहा, माया शिल्लक नाही.'"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सहा वर्षांचं मूल हे मनचं बोलत नाही."

तिनं ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. मग तिला कळलं, आणि दवाखान्यातलं तेच हसू छातीतून वर आलं. ते तिनं दाबलं. कारण हे समजावून सांगायचं, तर फ्रॉक काढावा लागणार होता.

गप्प बसावं, तर ही बिनमायेची आई. फ्रॉक दाखवावा, तर...

तिनं कपाट उघडलं. चादरी बाजूला केल्या. फ्रॉक उलटा करून बाईंच्या मांडीवर पसरला.

"ही माया. बाहीची, मुंढ्यातली, इथं खांद्याशी असते. आता नाही, सगळी सोडलीय. तिला तेवढीच माया माहीत आहे हो."

बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि एकदम हसल्या. "अहो, सकाळपासून हे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं!"

तीही हसली. संपलं. वाचलो. बाईंनी ते वाक्य खोडायला पेन उघडलं.

"वाढतात हो पोरं," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "भराभर वाढली असेल, म्हणून सोडावी लागली?"

हो.

एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. बाईंनी ते स्वतःच्या हातानं ताटात वाढून दिलं होतं. घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. मशीनखाली टाचणी दोन्ही ओठ आत घेऊन बसली होती. फ्रॉकचं सांगायचं नाही, हे ती अजूनही सांभाळत होती. सहा वर्षांची पोर. आईचं खोटं सांभाळत होती.

"नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "वाढली नाही. ओढली. मधे येऊन उभी राहिली, म्हणून त्यानं हाताला धरून ओढली. बाही मुंढ्यापासून निघून आली. कापड विरलं, म्हणून सगळी माया घालावी लागली. दंडावर वळ होते आठवडाभर. मी पूर्ण बाहीचं घालून शाळेत पाठवली. नर्सबाईंना मी खोटं सांगितलं."

बाईंचं पेन थांबलं.

"आता नेणार का मुलं?"

बाईंनी चष्मा काढला. तो दोरीवर लोंबकळत राहिला. "मी खोटा शब्द देत नाही कुणाला. पुढचं मी एकटी ठरवत नाही, आणि लपवलंत हेही मला लिहावं लागेल. पण आज मी जागा शोधणार ती तिघांसाठी. दोघांसाठी नाही. तो किती वाजता येतो?"

"सहाला."

"मग उठा. लागेल तेवढंच घ्या."

तिनं बटणचे कपडे घेतले, बाटली घेतली, कात्री घेतली. मशीनवर नुसता हात ठेवला. टाचणी बाहेर येऊन तिच्या कुशीत शिरली आणि कानात म्हणाली, "मी नाही हं सांगितलं."

"नाही गं राणी. मी सांगितलं."

बाहेर काकूंचं दार अर्धं उघडं होतं. काकूंनी पिशवी पाहिली, बाईंना पाहिलं, फाईल पाहिली. मग पुटपुटल्या, "कोटाची घाई नाही गं. घट्टच घालीन."

खालून जिन्यात पावलं वाजली. जड, पुरुषाची. पाच वाजायला पाच. तिनं बटणला छातीशी आवळलं. खांद्यात कळ गेली, तरी हात वरच राहिला. बाई तिच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. कुणीतरी कुलूप काढलं, दार लागलं.

ती एक पायरी उतरली. मग दुसरी.