ब्रियांदाचा डावा पाय

राजाला मुलगी झाली की आमच्या नवारा राज्यात घंटा कमी वाजवतात. ब्रियांदाच्या वेळी एकही वाजली नाही, कारण बाळंतपणात राणी गेली. ब्रियांदाला मी दूध पाजलं. माझी स्वतःची मुलगी गावात बकरीच्या दुधावर ठेवली होती, ती मेली. महालात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ब्रियांदाचा डावा पाय बोटभर आखूड होता. हे मला ठाऊक आणि ओचोआ चांभाराला. त्याने डाव्या जोड्यात बुचाचा जाड थर बसवला होता. राजा एकदा माझ्यादेखत म्हणाला होता की खोड असलेली मुलगी मठातच बरी. मठाच्या भिंतीआड दाईला जागा नाही. लग्न ठरलं तर मात्र दाई सोबत जाते, असं मी धरून चालले होते.

ती सहा वर्षांची असताना फ्रान्सच्या एका ड्यूकचा वकील आला. ड्यूकच्या मुलासाठी मुलगी बघायची होती. अनवाणी चालवून दाखवा म्हणाला, घोडी घेतात तशी. महिनाभर आधी मी तिला डाव्या चवड्यावर चालायला शिकवलं होतं. रडली तेव्हा मारलंही. ती चालली, वकिलाने मान डोलावली, आणि मी मूर्ख बाई मरियामातेपुढे मेणबत्ती लावून आले.

वर्षभराने तिला सासरी धाडलं, तेव्हा फ्रान्सच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीच्या काठावर तिकडच्या बायकांनी तिचे कपडे उतरवले. रीतच आहे, माहेरचा धागासुद्धा पलीकडे न्यायचा नाही. जोडेही काढले, त्यांचे सपाट घातले. मी गाठोडं उचलून होडीकडे निघाले.

"तू कुठे निघालीस, बाई?" वकील म्हणाला. "तूही माहेरचीच."

तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "मुलगी लंगडी आहे, सरकार. नीट बघा. नको असेल तर द्या आम्हाला परत."

तो हसला. "काठावर आली की प्रत्येक दाई काहीतरी काढते. मागची म्हणाली, मुलीला फेफरं येतं."

ब्रियांदा पांढरीफटक पडली होती. होडीपर्यंत ताठ चालत गेली, जराही न लचकता. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "चुगली केलीस ना, दाई?"

मी तिला परत मागत होते. सात वर्षांच्या पोरीला ते कसं कळणार? पुढे कळलं का, हे विचारायला मला त्या नदीपलीकडे कुणी जाऊ देत नाही.