पहिल्या जोडीचा मान

वरच्या काठीवर दोनशे बारा जोड्या, मधल्या काठीवर दोनशे चाळीस आणि खालच्या काठीवर दोनशे एकतीस. एकूण सहाशे त्र्याऐंशी. त्यांतल्या वरच्या काठीवरच्या एकाहत्तर जोड्या बऱ्या होत्या. बाकी सगळ्या बोंबलांना कल्ल्यांपाशी पिवळा चिकटा सुटला होता.

"झालं का मोजून, सायब?" नलूने विचारलं. "का परत मोजता? मोजल्यानं सुकायचे नाय ते."

मी वही मिटली. मंजुळामावशी बोंबील सुकवायच्या वलांडीच्या काठीवरून एकेक जोडी उतरवत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी काठीवर टांगतात. सोडवायला एक झटका पुरतो. ती मात्र चांगला माल उतरवावा तशी दोन बोटांनी सोडवत होती आणि पाटीत ठेवत होती. पाटी भरली की नलू ती रस्त्यावर उभ्या असलेल्या खताच्या गाडीत ओतून येई.

तारीख ११ जानेवारी १९८८. त्या मोसमात माल नासण्याची ही तिसरी वेळ होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. जवळच्याच माहीम गावातल्या वाडीवाल्या बागायतदारांच्या घरातला, पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेला. मासळी सुकवण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने मला सहा महिन्यांसाठी सातपाटीला पाठवलं होतं. शाळेच्या मागच्या अंगणात मी एक पांढरी झडपांची पेटी उभी केली होती. आत दोन तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं मलमल. हवा कोरडी असली की मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक खाली उतरतो. दोघांतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी.

मंजुळामावशीला हे सगळं मानेवर कळायचं. होड्या लागायच्या सुमारास ती वलांडीपाशी यायची, तळहात ओला करून मानेवरून फिरवायची आणि समुद्राकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहायची. मग काही न बोलता पहिली जोडी टांगायची, नाहीतर रिकामी पाटी उचलून परत जायची. तिच्या ओळीत सव्वीस घरांच्या वलांड्या होत्या. तिने पहिली जोडी टांगल्याशिवाय कुणी बाई काठीला हात लावत नसे. हा मान आधी तिच्या सासूचा होता. सासूने तो तिला दिला त्याला एकतीस वर्षं झाली होती. मधल्या काळात तिचा नवरा दामू काविळीने गेला, मुलगा एकनाथ कुंभवलीजवळच्या कारखान्यात लागला आणि होडी विकली गेली. मान तेवढा राहिला.

त्या दिवशी शेवटची पाटी गेल्यावर ती वलांडीखालीच बसली. मीही बसलो.

"तुझ्या पेटीत काय दिसतं ते सांग एकदा," ती म्हणाली. "समजंल असं सांग."

मी वाळूवर काठीने किनारा काढला. "हिवाळ्यात इथली हवा समुद्राची नसते, मावशी. उत्तरेकडची जमीन थंड होते, तिच्यावर जड, कोरडी हवा साचते आणि ती घाट उतरून इकडे येते. वर्षातले आठ महिने आपण समुद्राच्या ताब्यात आणि चार महिने जमिनीच्या."

"मतलई वारा."

"तोच. पण फार उंचावर मोठे वारे वाहतात. ते जरा सरकले की खालची ही वाटणीही सरकते. या वर्षी समुद्रावर कमी दाब पुन्हापुन्हा येऊन बसतोय. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून सुटतो आणि दोन तासांत फिरून खारा होतो. तुमच्या मानेला जे कळतं ते बरोबरच असतं. पण ते तेवढ्या दोन तासांपुरतं."

ती वाळूवरच्या रेघेकडे बघत राहिली. "म्हंजे डिसेंबर न् जानेवारीत पन समुद्राचीच हवा?"

"हो."

"किती वर्सं असं ऱ्हाईल?"

"ते मला माहीत नाही. कदाचित एवढंच वर्ष."

"एकतीस वर्सं नीट वागला वारा माझ्यासंगती," ती म्हणाली. "बदलायचं तर माणूस सांगून तरी बदलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ बायका माझ्या पेटीपाशी आल्या. पुढे नलू. तिची वलांडी मंजुळामावशीच्या शेजारची, आणि तिन्ही वेळा सगळ्यांत जास्त माल तिचाच गेला होता.

"सायब, आजपासून तुमी सांगायचं. टांगू का नको?"

"अहो, मी नोंदी घ्यायला आलोय. माझं काम ते नाही."

"नोंदी घेऊन काय लोणचं घालता?" मागून ठमी म्हणाली. बायका हसल्या.

"मावशीला विचारलंत का?"

"इचारलं. ती म्हनली, त्याला इचारा."

मी शाळेच्या कोपऱ्यावरून पाहिलं. मंजुळामावशी आपल्या वलांडीपाशी उभी होती. हात कोरडे होते.

मग मी सांगू लागलो. साडेसहाला पेटी उघडायची, फरक काढायचा, सकाळच्या बातम्यांतला हवामानाचा अंदाज ऐकायचा आणि ओळीत जाऊन हो किंवा नाही म्हणायचं. दहा दिवसांत सात वेळा नाही म्हटलं, तीन वेळा हो. दहाही वेळा बरोबर आलं. ठमी मला 'वाऱ्याचे सायब' म्हणू लागली. एकीने घरी बोलावून कालवण-भात वाढला. हे मला आवडलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

मंजुळामावशी रोज वेळेवर यायची. मी हो म्हटलं की पहिली जोडी नलू टांगायची. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिचा हात आधी पोचला, एवढंच. मावशी शेवटी टांगायची. एकनाथ एका रविवारी आला तेव्हा म्हणाला, "बरं झालं, आये. आता तुज्यावर कोन बोट तर नाय दाखवनार." ती "होय" म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

२२ जानेवारीला होड्या बोंबलांनी भरून आल्या. गेल्या कित्येक वर्षांत एका दिवशी एवढे बोंबील उतरले नाहीत, असं सगळ्या म्हणत होत्या. किनाऱ्यावर पाट्यांना जागा उरली नव्हती. साडेसहाची माझी नोंद अशी होती: कोरडा १८.०, ओला १६.२. फरक दोन अंशांहूनही कमी. अंदाजात म्हटलं होतं की समुद्रावरचा कमी दाब अजून दोन दिवस हलणार नाही.

ओळीत पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळ्या माझी वाट बघत उभ्या होत्या.

"नाही," मी म्हटलं.

"एवढा माल, सायब," नलू म्हणाली. "परत एकदा बघता का?"

"बघितलंय दोनदा. टांगलात तर परवा खताच्या गाडीत जाईल."

तेवढ्यात माझं लक्ष मंजुळामावशीकडे गेलं. ती आपल्या वलांडीमागे, सगळ्यांना पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिने तळहात पाण्याच्या मडक्यात बुडवला आणि मानेवरून फिरवला. बरेच दिवसांत तिला असं करताना मी पाहिलं नव्हतं. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग मान एका बाजूला कलती करून पुन्हा उभी राहिली.

मी जवळ गेलो. "काय वाटतं, मावशी?"

"तुझा आकडा काय सांगतो?"

"फरक दोनचासुद्धा नाही."

तिने पदराने मान पुसली. "मग तसंच."

बोईसरहून बर्फाच्या दोनच गाड्या आल्या होत्या. त्यांत मावला तेवढा माल पडेल त्या भावाने ओला गेला. उरलेला दहापर्यंत खताच्या गाडीत. मंजुळामावशीच्या नऊ पाट्या खतात गेल्या, नलूच्या चौदा. सव्वीस वलांड्यांच्या काठ्या रिकाम्या राहिल्या.

साडेअकराला शाळेच्या छपरावरची धूळ समुद्राच्या दिशेने उडू लागली. वारा जमिनीकडचा झाला होता. मी ओळीत गेलो. उन्हात कुणी नव्हतं. मंजुळामावशी तेवढी रिकाम्या वलांडीखाली बसून पाट्या धुवत होती. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

"सकाळी कळलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिने पाटी उपडी केली, पाणी निथळू दिलं. "मान गार पडली होती. आतल्या हाडापत्तुर. दोन तासांचा वारा तसा नसतो." तिने हात पदराला पुसले. "पन तीनदा मी असंच म्हनली होती ना. चौथ्या खेपेला माझं मलाच खरं वाटंना."

तिने दुसरी पाटी ओढली.

"जा," ती म्हणाली. "तुझ्या नोंदीची येळ झाली आसंल."

दुपारी तीनची नोंद: कोरडा २९.०, ओला १८.०. फरक अकरा. सापेक्ष आर्द्रता तेहतीस टक्के. वारा ईशान्येकडून.