सरदारांची चौकशी

इन्स्पेक्टरने बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि तो अनवाणीच शिडीवरून खड्ड्यात उतरला. तळाशी ब्रश घेऊन बसलेल्या फोटोग्राफरने सरकून जागा करून दिली. उत्खननाचं काम थांबलं होतं, पण सांगाड्यावर धूळ बसू द्यायची नाही, असा उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांचा हुकूम होता.

"डोकं कुठल्या बाजूला?" इन्स्पेक्टरने विचारलं. समोर दिसत होतं तरी विचारलं.

"सरदार उत्तरेकडे डोकं करून झोपलेत. आणि तलवार बघा, अजून सोडली नाहीये त्यांनी."

इन्स्पेक्टरने मान डोलावली. नकाशे काढणाऱ्याशी, पहारेकऱ्याशी, माती चाळणाऱ्या बायकांशी त्याने सकाळपासून अशाच गप्पा मारल्या होत्या. सगळ्यांच्या तोंडी सरदार. सरदार उठले, सरदार बसले. हातात तलवार निघाली त्याच दिवशी सांगाड्याचं हे नाव पडलं होतं आणि हाडं तपासायचीही वाट न बघता सरांनी टोळीचा सरदार सापडल्याचं जाहीर करून टाकलं होतं. संग्रहालयात त्याच्यासाठी नवं दालन रंगवून तयार होतं.

हाडं तपासायला आलेली डॉक्टर याच खड्ड्यात मेली होती. डोक्यात दगड बसला होता आणि तो आपोआप पडलेला नव्हता. संध्याकाळी तिला न्यायला आलेल्या नवऱ्याला ती दिसली आणि आता तो नवराच कोठडीत होता. दोघांची भांडणं शेजाऱ्यांना पाठ होती. तिच्या भावाने तर जबाबातच सांगितलं, यानेच मारलं. वरिष्ठांना तेवढं पुरेसं होतं. उद्या त्याला कोर्टात उभं करायचं होतं. त्याची मुलगी आजीकडे होती आणि बाबा कधी येणार म्हणून सारखी दाराशी जात होती, हे इन्स्पेक्टरने स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

याचा अर्थ त्याचा नवऱ्यावर विश्वास बसला होता, असं मात्र नाही. त्याचा कुणावरच विश्वास बसत नसे. भाजीवाल्याने एखादं लिंबू जास्त टाकलं तरी तो घरी जाऊन पिशवी उलटी करून बघायचा. बायको म्हणायची, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा तुम्ही आधी माझ्याकडे तसंच बघितलं होतं.

नवरा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. मरायच्या थोडं आधी तिचा फोन आला होता. सांगाडा पुरुषाचा नाही, बाईचा आहे. सर यायचेत, त्यांना सांगते, तोवर कुणाजवळ बोलू नकोस, असं ती म्हणाली होती. फोन आल्याचं सिद्ध होत होतं, बोलणं काय झालं ते नाही. इन्स्पेक्टरने दुसऱ्या एका तज्ज्ञाला गुपचूप आणून हाडं दाखवली. कमरेचं हाड बघून त्याने सांगितलं, बाईच. म्हणजे एवढ्यापुरता तरी नवरा खरं बोलत होता. पण सर आले होते का? ते म्हणत होते, त्या दिवशी बाईंची गाठच पडली नाही, संध्याकाळभर मी ग्रंथालयात होतो. तिथे त्यांना पाहिलेलं कुणी नव्हतं, आणि पाहिलं नाही असं छातीठोक सांगणारंही कुणी नव्हतं.

म्हणून त्याने ही गोष्ट पोटात ठेवली आणि सांगाड्याबद्दल ज्याला त्याला बोलतं करत राहिला. ज्याच्या तोंडून 'ती' येईल, तो डॉक्टरला शेवटचा भेटलेला. अजून कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

तो सरांच्या घरी गेला तेव्हा दुपार कलली होती. सरांनी स्वतः दार उघडलं, पंखा लावला, पाणी दिलं. खिडकीशी त्यांची म्हातारी आई शर्टाला बटण लावत बसली होती. सर भरभरून बोलले. सरदारांचे दात, सरदारांचं वय, सरदारांनी पाहिलेल्या लढाया. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. इन्स्पेक्टरला वाटलं, एवढं जपून माणूस फक्त साक्षीत बोलतो. पण वाटण्यावर कुणाला सोडता येत नाही. त्याने उठायची तयारी केली आणि जाता जाता आजींना म्हणाला, मुलाचं एवढं नाव झालं, तुम्हाला आनंद झाला असेल.

"झाला होता की," आजी दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "पण मग एका संध्याकाळी हा तोंड पाडून आला. हात-पाय धुतले आणि म्हणाला, आई, बाई निघाली."

इन्स्पेक्टर दाराशीच थांबला.

"कधीची गोष्ट, आजी?"

"दुसऱ्या दिवशी पेपरात त्या बिचाऱ्या डॉक्टरणीची बातमी आली बघा, त्याच्या आदल्या संध्याकाळची."

सर हसले. हसू जरा उशिरा आलं.

"डॉक्टर बाई निघाल्या, असं म्हणालो होतो मी. आईला हल्ली कमी ऐकू येतं."

इन्स्पेक्टर पुन्हा खुर्चीत बसला. त्याला कोठडीतला माणूस आठवला आणि एकदम हलकं वाटलं. त्याची त्याला लाजही वाटली, कारण समोर म्हातारी बसली होती.

"कुठून निघाल्या?" त्याने विचारलं. "तुमची तर गाठच पडली नव्हती."



"निघाल्या नाही रे, निघाली म्हणालास," आजी म्हणाल्या. "डॉक्टरणीला तू असं एकेरी कशाला बोलशील? त्या सरदाराचंच म्हणत होतास. मी म्हटलंसुद्धा, बाई तर बाई, त्यात काय एवढं? तर पानावर बसला नाहीस."

सरांनी आईच्या मांडीवरचा शर्ट उचलला, बटण ओढून पाहिलं, घडी घातली. घडी वाकडी झाली म्हणून उलगडून पुन्हा घातली. आजी एकदा मुलाकडे, एकदा पाहुण्याकडे बघत होत्या.

"काय झालं रे? चुकीचं बोलले का मी काही?"

"नाही गं," सर म्हणाले. "तू बरोबर ऐकलं होतंस."