हरकत कोणाचीच नव्हती

सायराकानने वरच्या गल्लीतलं एकही दार सोडलं नव्हतं. सरकारचा नवा नियम आला होता. गावाच्या निधीतून यंदा काय करायचं ते गावानेच भरसभेत बोलून ठरवायचं, आणि जो जे बोलेल ते लिहून कार्यालयाच्या फळ्यावर लावायचं, शिवाय सरकारच्या संकेतस्थळावर टाकायचं. सायराकान गावच्या कार्यालयात कारकून, त्यामुळे लोकांना बोलावण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. पण खोटं कशाला बोला, तिने ते हौसेनं केलं. वरची गल्ली म्हणजे तिचं माहेर.

बारा वर्षांपूर्वी गावात नळ आला, तो खालच्या रस्त्यापर्यंत येऊन थांबला. वरच्या गल्लीच्या बायका अजून पाटाचंच पाणी भरत होत्या, तेही गुरं पिऊन गेल्यावर. यंदा तीन पोरांना कावीळ झाली, त्यात उमसुनाई आपाची नात होती.

"अगं, आम्ही काय बोलणार तिथं?" उमसुनाई आपा म्हणाली होती. सत्तरीची म्हातारी, गुडघे गेलेले, पण बादल्या स्वतःच उचलायची. "टेबलामागं माणसं बसली की माझी बोबडी वळते."

"वळू दे आपा. बोबडं बोललात तरी मी लिहून घेईन. कोणी अडवणार नाही तुम्हाला, कायदाच आहे तसा."

"आणि कोणी हसलं तर?"

"कोण हसतो ते बघतेच मी!"

बोलताना माणसाला काही वाटत नाही हो. सभेच्या दिवशी सकाळी एमिलबेकने तिला खोलीत बोलावलं. हा गावाचा प्रमुख. त्याला हमरस्त्यावर दिवे लावायचे होते, कारण दिवे रस्त्याने जाणाऱ्याला दिसतात. जमिनीखालचा नळ कोण बघायला येतो?

"राजधानीतून बाई येतायत, सभा कशी घेतो ते बघायला," तो म्हणाला. "कॅमेरा असणार. वरच्या गल्लीच्या बायका एकदा सुरू झाल्या की भांडण आलंच. सगळ्या देशापुढं गावाची शोभा करायची का?"

"पण बाइके, बोलू तर द्यायलाच हवं ना." वयाने मोठ्या पुरुषाला तिथं अदबीनं बाइकेच म्हणतात.

"मी कुठं म्हणतो कोणाला गप्प बस म्हणून सांग? ते नियमात बसत नाही. तू फक्त आताकेंना सांग, बाता जरा लवकर द्या." मग हसत हसत म्हणाला, "तुझी नेमणूक अजून पक्की व्हायचीय, नाही का?"

आताके म्हणजे तिचे सासरे, जुमाकादिर. गावातले सर्वांत वडीलधारे. लग्न असो, मयत असो, नुसतं जेवण असो, शेवटी तेच तळवे उघडून बाता द्यायचे, म्हणजे आशीर्वाद. बाता झाली की विषय संपला. साऱ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे आणि उठायचं. बाता झाल्यावर तोंड उघडणं म्हणजे त्या पांढऱ्या दाढीचा अपमान. या गावात ते आजवर कोणी केलेलं नव्हतं, आणि हे एमिलबेकला पक्कं ठाऊक होतं. सायराकानलाही होतं की!

सभा शाळेच्या दालनात भरली. एमिलबेक दिव्यांवर पाऊण तास बोलला. मग राजधानीची बाई गोड आवाजात म्हणाली, "आता गावकऱ्यांनी बोलावं."

तिसऱ्या रांगेत उमसुनाई आपाने डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठू लागली. तिला उठायला वेळ लागतो. पुढच्या खुर्चीची पाठ धरली, एकदा खाली बसली, पुन्हा जोर लावला. तेवढ्या वेळात सायराकानची आणि एमिलबेकची नजरानजर झाली. त्याने भिवई उडवली, बस, तेवढंच. ती सासऱ्यांच्या कानाशी वाकली.

"आताके, पाहुण्यांना लांब जायचंय. बाता द्या."

म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. सभेत काय चाललंय ते त्यांना सुनेच्या तोंडूनच कळायचं. त्यांनी तळवे उघडले. दालनातले सगळे तळवे उघडले. उमसुनाई आपा अर्धवट उभी होती. तिने क्षणभर इकडेतिकडे बघितलं, आणि खुर्चीची पाठ सोडून तिनेही तळवे उघडले.

"गावात एकोपा राहो, लेकरंबाळं सुखी राहोत. ओमिन."

"ओमिन," सगळे म्हणाले. उमसुनाई आपाही म्हणाली. लगेच खुर्च्या सरकू लागल्या.

"किती शिस्तीची सभा!" राजधानीची बाई खूश झाली. दुपारी सायराकानने इतिवृत्त लिहिलं. हरकतीच्या रकान्यात लिहिलं, 'कोणाचीही नाही'. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच तिला खात होतं. कागद फळ्यावर लावला. संकेतस्थळावर चढवला. आता कोणीही वाचावा!

संध्याकाळी चहा पिताना सासऱ्यांनी विचारलं, "सायरा, नळाचं काय ठरलं? मला नीट ऐकू आलं नाही."

"दिवे ठरले, आताके."

"आणि ती उमसुनाई उठली होती ती? घरी जायला उठली होती ना?"

थाप मारता आली असती. जिभेवर आलीही होती.

"बोलायला उठली होती," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "म्हणजे मी तिच्या तोंडावर बाता दिली?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"साठ वर्षं हे हात उघडतोय मी. कोणाचं तोंड बंद करायला कधी उघडले नव्हते." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच आपल्या हातांकडे बघत राहिले. सायराकानला वाटलं, आत्ता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वरच्या गल्लीत गेली. माहेरची वाट, पण पाय उचलत नव्हते. पाटावरच्या दोन बायकांनी तिला नेहमीसारखीच हाक मारली. तिने मान वर केली नाही.

उमसुनाई आपा अंगणात दूध गाळत होती.

"आपा, काल ती बाता मी लवकर द्यायला लावली. सांगितलं एमिलबेक बाइकेंनी, पण कानात बोलले मीच."

"बघितलं की मी. उभीच होते ना, सगळं दिसत होतं." आपा दूध गाळतच राहिली. "ये, बस. चहा टाकते."

"चहा नको मला! शिव्या द्या, आपा."

"तुला कशाला शिव्या देऊ? आमच्या अंगणात वाढलेली पोर तू."

सायराकानला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिने पिशवीतून वही काढली. "काय बोलणार होतात ते सांगा. मी लिहिते, तुमची हरकत म्हणून राजधानीला पाठवते. एमिलबेक काय करायचं ते करू दे. नोकरी गेली तर गेली."

"सांगायचं कशाला, लिहिलेलंच आहे. नातीकडून लिहून घेतलं होतं. दहा दिवस गायीपुढं उभी राहून पाठ करत होते, ती सुद्धा कंटाळली बिचारी." आपा हसली, आत जाऊन चार घड्या घातलेला कागद घेऊन आली. "तूच वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

सायराकान मोठ्याने वाचू लागली.

"मी उमसुनाई, वरच्या गल्लीत राहते. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण आमची सायराकान म्हणाली, आपा, बोला, तुम्हाला कोणी अडवणार नाही. तिच्या भरवशावर मी उभी राहिले आहे."

पुढची ओळ तिला दिसेना.

"वाच ना पुढं," आपा म्हणाली. "पाण्याचं त्याच्या खाली आहे."