खार कुणाची?

मी साबणाच्या वडीवर खार उमटवणारा लाकडी ठसा बोलतोय. बुटका, मुठीत मावणारा. तेल पिऊन पिऊन काळाठिक्कर पडलोय, पण माझ्या खारीचं शेपूट अजून शाबूत आहे.

मला घडवलं दोन बहिणींच्या वडिलांनी. ते सुतार होते. थोरली लहानपणी घरभर तुरुतुरु पळायची, म्हणून ते तिला ‘खारूताई’ म्हणत. पुढे दोघींनी मागच्या खोलीत साबण करायला घेतला, तेव्हा एका मोडक्या खुर्चीच्या पायातून त्यांनी मला कोरून काढलं. म्हणाले, ‘‘आता साबण कुणाचा, असं विचारायची सोय नाही.’’ फार भाबडा माणूस!

धाकटी वड्यांच्या कडा तासायची आणि थोरली मला दाबायची. वडी ओली असली की मी रुतून बसायचो, जास्त सुकली की तडा जायचा. थोरलीला ते नुसतं बोट लावून कळे. दोघींच्या तोंडाचा पट्टा चालू आणि त्यात माझी टपटप. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

वडील गेले आणि मागची खोली कुणाची यावरून बहिणींचं बिनसलं. थोरली दुसऱ्या शहरात राहायला गेली. निघताना तिनं मला उचललं, न्याहाळलं, परत ठेवलं. धाकटीनं एकटीनं धंदा रेटला, वाढवला. लोक दुकानात येऊन नुसतं ‘खार द्या’ म्हणू लागले.

बऱ्याच वर्षांनी एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. ‘‘तुमच्या साबणानं आताशा हात कोरडे पडतात हो!’’ त्याच्या वडीवर खार होती, पण ती माझी नव्हती. थोरलीनंही तिकडे साबण सुरू केला होता.

धाकटी वकीलबाईंकडे गेली.

‘‘चिन्हाची नोंदणी केलीय?’’

‘‘घरच्या खारीची कसली नोंदणी?’’

‘‘तिथंच तर घोडं पेंड खातं,’’ वकीलबाई म्हणाल्या.

नोंदणीचा अर्ज गेला. थोरलीनं हरकत घेतली. सुनावणीला मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी दोघींच्या वड्या. ठशावर चित्र उलटं असतं. माझी खार उजवीकडे बघते, साबणावर ती डावीकडे बघते. थोरलीच्या वडीवरची मात्र उजवीकडे बघत होती. नवा ठसा करणाऱ्या कारागिराला चित्र काढून देताना तिला साबण आठवलाच नव्हता. तिला मी आठवलो होतो! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला कंठ कुठला?

अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘‘इतकी वर्षं हे चिन्ह बाजारात सलग कुणी वापरलं?’’

‘‘तिनंच,’’ थोरली म्हणाली. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

निकाल धाकटीच्या बाजूनं लागला. बाहेर पडताना थोरली एवढंच म्हणाली, ‘‘घे. माझं टोपणनावसुद्धा घेतलंस.’’

जिंकल्यावर पेढे वाटावेत, तर धाकटीचं कामात लक्षच लागेना. मला वडीवर टेकवायची आणि दाबायचंच विसरायची. शेवटी पुन्हा वकीलबाईंकडे गेली.

‘‘चिन्ह माझं. मग ते मी ताईला वापरू देऊ शकते ना?’’

‘‘लेखी परवानगी देता येते. पण नाव तुमचं, तेव्हा तिच्या साबणाच्या दर्जावर लक्ष ठेवावं लागेल. अधूनमधून जाऊन तपासावं लागेल.’’

‘‘जावं लागेल?’’

‘‘जावंच लागेल.’’

इतका गोड कायदा धाकटीनं जन्मात ऐकला नव्हता. घरी येताच तिनं फोन लावला, एका दमात सगळं सांगितलं. मग थोरलीचा आवाज आला, ‘‘तपासायला कोण येणार?’’

‘‘मीच.’’

‘‘बघते. कळवते.’’

अजून कळवलेलं नाही. मी फोनशेजारीच असतो. काल घंटी वाजली तशी धाकटी साबणाच्या हातांनीच धावली. तेलवाला होता. त्याला ‘हो, हो’ म्हणून तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

वाचकहो, तुमच्या घरातही असं एखादं चिन्ह असेल, तर गोडीगुलाबी आहे तोवर त्याची नोंदणी करून घ्या. दोघांच्याही नावानं करा.

आणि थोरले, तू हे ऐकत असलीस तर एक फोन कर गं. तू नाही आलीस तरी चालेल. ती येईल, मला घेऊन.